तांब्याखालचे खिळे

गलबत बुडालं, सात माणसं गेली, आणि खापर कुणाच्या माथी फोडलं? तर खिळे घडवणाऱ्या धाकोजी लोहाराच्या! आरमाराचे सरदार हैबतराव यांनी बंदरावरच निवाडा सुनावला, "खिळे कच्चे होते. लोहाराचे दोन्ही हात तोडा!"

धाकोजीची बायको आवडा पुढे झाली. ओहोटीला उघड्या पडलेल्या गलबताच्या सांगाड्यातून तिने दोन खिळे उपटून आणले होते. एक बोटाएवढा जाड, दुसरा झिजून सुईसारखा झालेला.

"सरदार, दोन्ही एकाच भट्टीतले, एकाच तळातले."

"म्हणजे एक पक्का, एक कच्चा!"

"तसं नाही. लाकडाला कीड लागू नये म्हणून तुम्ही तळाला तांब्याचे पत्रे ठोकायला लावलेत. ते पुढच्या अर्ध्या भागालाच पुरले. मागचे सगळे खिळे शाबूत आहेत, पत्र्याखालचे सगळे झिजलेत. स्वतः उपटून बघा. खाऱ्या पाण्यात तांबं लोखंडाला खातं. आमच्या माणसानं हात जोडून सांगितलं होतं, तांब्याला तांब्याचेच खिळे मारा. तुम्ही म्हणालात, लोहारानं सरदाराला शिकवू नये. आता सांगा, हात कुणाचे तोडायचे?"

समोर बसलेल्या सात विधवांनी हैबतरावांकडे पाहिलं. सरदारांची मान खाली गेली.

"सोडा त्याला," ते पुटपुटले.

"त्याला सावकाश सोडा," आवडा म्हणाली. "असेच पत्रे ठोकून दोन गलबतं परवा दर्यावर गेलीत. आधी ती माघारी बोलवा."