नावाड्याची साक्ष

फार पूर्वी, नद्यांवर अजून पूल झाले नव्हते तेव्हा, नदीकाठच्या एका लहानशा ख्रिस्ती वस्तीत शांतवन नावाचा एक नावाडी राहायचा. पुराच्या पाण्यातही त्याची नाव पैलतीरी सरळ जाऊन लागायची. लोक त्याच्या हाताचं कौतुक करायचे आणि ते त्याला आवडायचं.

नावेत दहा माणसं बसायची. एका बाजाराच्या दिवशी मात्र काठावर सोळा माणसं उभी होती. नदी भरून चालली होती. शांतवनला दुसरी फेरी मारायचा कंटाळा आला.

"बसा सगळे," तो म्हणाला. "नाव माझ्या हातात आहे."

मधल्या धारेत नाव कलंडली. पंधरा जण कसेबसे काठाला लागले. सिमोन विणकर मात्र वाहून गेला.

काठावर माणसं रडत होती, एकमेकांना विचारत होती, "झालं कसं?" शांतवनला दरदरून घाम फुटला होता. त्याच्या तोंडून निघून गेलं, "सिमोन मध्येच उभा राहिला. म्हणून नाव कलंडली."

त्या गोंधळात कुणी काय पाहिलं, कुणालाच सांगता येत नव्हतं. सगळ्यांनी ते खरं मानलं.

मग पाणवठ्यावर बायका सिमोनच्या विधवेला, रिबकाला, ऐकवू लागल्या, "तुझ्या नवऱ्यानं आमच्या माणसांना बुडवलं असतं." रिबका मान खाली घालून घागर भरायची आणि निघून जायची. शांतवन हे नावेतून पाहायचा. रविवारच्या उपासनेत पहिल्या बाकावर बसणारा तो आता देवळाच्या दाराशी बसू लागला. झाकलेलं सगळं एक दिवस देवापुढे उघडं होईल, असं शास्त्रातून वाचलं जाई, तेव्हा त्याला बसवत नसे.

शेवटी एका दुपारी तो म्हाताऱ्या पाळकांकडे, वस्तीच्या धर्मगुरूंकडे, गेला. सगळं सांगितलं आणि विचारलं, "साहेब, देव न्यायी आहे की दयाळू?"

"दोन्ही."

"दोन्ही कसा असेल? न्यायी असेल तर मी संपलो. दयाळू असेल तर त्यानं मला गुपचूप माफ करावं. चारचौघांत उघडं कशाला पाडावं?"

"आणि रिबकाचं काय?" पाळकांनी विचारलं. "तुझं खोटं रोज तिच्या दारात उभं असतं. ते तसंच ठेवून देवानं तुला जवळ घेतलं, तर ती दया होईल का?"



पाळक पुढे म्हणाले, "पहिला माणूस आदाम चुकला आणि बागेतल्या झाडांआड लपला. देवानं त्याला हाक मारली, त्याच्याच तोंडून सगळं वदवून घेतलं, बागेबाहेरही काढलं. पण बाहेर काढण्याआधी त्याच देवानं त्याला कपडे करून घातले. बाहेर काढणारा आणि कपडे घालणारा हात एकच होता, शांतवन. त्या हाताला भिऊन लपू नकोस."

पुढच्या रविवारी उपासना चालू असताना शांतवन उठून पुढे आला.

"सिमोन जागचा हलला नव्हता," तो म्हणाला. "मी दहाच्या नावेत सोळा बसवले. तो माझ्यामुळे गेला आणि वर मी त्याच्यावर खोटा आळ घातला. वहिनी, मी तुमचा गुन्हेगार आहे."

देवळात कुजबुज उठली. कुणीतरी ओरडलं, "हाकला याला!" मंडळीच्या वडीलधाऱ्यांनी आपापसात विचार करून निवाडा दिला. "आजपासून शांतवननं वल्हं हातात घ्यायचं नाही. नाव दुसरा कुणी चालवील. शांतवननं घाटावर उभं राहून दहाच्या वर एकही माणूस नावेत चढू द्यायचा नाही. मंडळीतून मात्र त्याला काढलेलं नाही."

वल्हं म्हणजे त्याचा जीव की प्राण. तरी त्यानं मान डोलावली. किती तरी दिवसांनी त्याला मोकळा श्वास घेता आला.

मग प्रभुभोजन सुरू झालं. एकेक जण प्रभूच्या नावानं मोडलेली भाकर घ्यायला पुढे जाऊ लागला. शांतवन दाराशी जाऊन उभा राहिला. पुढे जायचा आपल्याला हक्क नाही, असं त्याला वाटलं.

रिबका आपल्या जागेवरून उठली. सगळे तिच्याकडे बघू लागले. ती त्याच्यासमोर येऊन थांबली.

"माझा माणूस परत येणार नाही," ती म्हणाली. "माझा राग अजून गेलेला नाही, तेही खोटं सांगणार नाही. पण आज तुम्ही त्याचं नाव स्वच्छ केलंत." तिनं डोळे पुसले. "चला भाऊजी. ती भाकर तुमच्यासाठीही मोडली आहे."

आणि दोघं बरोबरच पुढे गेली.

तात्पर्य: देवाचा न्याय माणसाचं खोटं उघडं पाडतो तो त्याला संपवण्यासाठी नाही; जे उघडं झालं, त्यालाच देवाची दया हात धरून जवळ घेऊ शकते.