गळक्या होडीची आवडी

ही गोष्ट फार जुन्या काळची आहे, बरं का. तेव्हा नद्यांवर पूल नव्हते, आणि पलीकडच्या तीरावरून पाहुणा आला की चार दिवस राहिल्याशिवाय परत जायचा नाही. अशा काळात एका रुंद, लहरी नदीच्या काठी नावाड्यांचं एक गाव होतं.

गावात बहुतेक घरं होडीवर जगायची, आणि सगळ्या होड्यांवर एक तांडेल असायचा. तांडेल म्हणजे नावाड्यांचा म्होरक्या. नदीला पाणी चढलं की होड्या सोडायच्या की बांधून ठेवायच्या, हे तो ठरवायचा आणि त्याचा शब्द राजाची माणसंसुद्धा मोडायची नाहीत. पाडव्याला वर्षभरासाठी होड्यांचं वाटपही तोच करायचा. मात्र एक नियम त्यालाही चुकला नव्हता. ज्याच्या होडीतला उतारू बुडाला, त्याने पुन्हा जन्मात वल्ह्याला हात लावायचा नाही.

आवडी याच गावातली. बापाचा खांदा निकामी झाला तेव्हा तिने वल्हं हातात घेतलं. बायकांनी तोंडाला पदर लावला, पुरुषांनी भुवया उंचावल्या. पण पोरगी खमकी निघाली. उलट्या वाऱ्यातही तिची होडी बाणासारखी सरळ जायची. तिच्या मनात एकच गोष्ट होती आणि ती तिने बापालाही सांगितली नव्हती. तिला तांडेल व्हायचं होतं.

त्या वर्षी म्हातारा तांडेल थकला होता. नजर अधू झाली होती, आणि पुढच्या पाडव्याच्या आत तो आपली जागा कुणाला तरी देणार हे गाव धरून चाललं होतं. नाव घेतलं जायचं केरूचं, नाहीतर आवडीचं. केरू तिच्याच वयाचा, अंगाने दणकट, बोलायला गोड. त्याच्याइतकं भराभर वल्हवणारं दुसरं कुणी नव्हतं, हे आवडीही मनातल्या मनात कबूल करायची.

पाडव्याला सगळे काठावर जमले. तांडेलाने केरूला दिली नवीकोरी सागवानी होडी, जिच्या फळ्यांना अजून तेलाचा वास होता. आणि आवडीला? आवडीला दिली गळकी. काठाच्या टोकाला उपडी पडलेली, काळी पडलेली ती होडी गावात कित्येक वर्षं कुणी पाण्यात पाहिली नव्हती. माणसं हसली. हसणारच हो, तुम्ही-आम्ही असतो तर आपणही हसलोच असतो.

आवडीने राग गिळला. दिवसभर राबून फटींत काथ्या ठासते, वरून राळ ओतते, संध्याकाळपर्यंत होडी ठणठणीत करते, असं तिने तांडेलाला सांगितलं. म्हातारा म्हणाला, बाकीच्या फटी खुशाल बुजव, पण तळाशी जी एक लांब फट आहे तिला हात लावायचा नाही. का, ते विचारायचं नाही.

आता बोला! तिला वाटलं, म्हाताऱ्याला बाईमाणूस तांडेल व्हायला नको आहे, आणि तोंडाने नाही म्हणायची लाज वाटते म्हणून त्याने ही युक्ती काढली. तिने दात आवळले आणि होडी पाण्यात ढकलली.

होडी बुडत नव्हती, पण पाणी घ्यायची. मधल्या धारेपर्यंत घोट्याएवढं तळं साचायचं. आवडीला त्याची इतकी लाज वाटली की तिने तळावर गवताची चटई अंथरली आणि उतारूंना चटईवरच्या फळ्यांवर बसवलं. ती हसून गप्पा मारायची, एका हाताने वल्हं ओढायची आणि दुसऱ्या हाताने पाठीमागे गुपचूप पाणी उपसायची. पलीकडे पोचेपर्यंत जीव मेटाकुटीला यायचा. कुणाला काही कळलं नाही याचाच तिला आनंद व्हायचा.

तांडेल रोज काठावर असायचा. सकाळी तिची होडी सुटली की आपल्या जुन्या होडीची दोरी हातात घेऊन तो पाण्यात उतरून उभा राहायचा, आणि तिची शेवटची खेप येईपर्यंत हलायचा नाही. आवडीला ते बघून संताप यायचा. मी कधी बुडते याची वाट बघतोय म्हातारा, असं तिला वाटायचं. अलीकडे तो लंगडतही होता. तिने मनात म्हटलं, घरी बसावं की, एवढे पाय दुखतात तर.

मग बाजाराचा दिवस आला. होडी माणसांनी भरली. नदीच्या मधोमध एक बेट होतं, तिथली एक आजी कोंबड्यांची पाटी घेऊन चढली. दोन कुंभार मडकी घेऊन चढले, एक नवं लग्न झालेलं जोडपंही होतं. ओझं वाढलं तसं पाणीही भराभर चढलं, आणि आवडीचा एक हात त्याला पुरेना. नेमकी मधल्या धारेत चटईच वर तरंगायला लागली. नव्या नवरीने किंचाळून पाय वर घेतले, आणि सगळीच्या सगळी माणसं घाबरून एका बाजूला धावली. होडी कलंडली. कोंबड्या उडाल्या, मडकी गेली. आवडीने उरलेलं सगळं बळ लावून होडी कशीबशी किनाऱ्याला लावली. माणूस कुणी गेलं नाही, हे नशीबच म्हणायचं.

ती वाळूवर बसली आणि ढसाढसा रडली. तिच्या डोळ्यांपुढे तो नियम उभा राहिला होता. एक माणूस बुडालं असतं तर तांडेल होणं तर सोडाच, वल्हंही कायमचं सुटलं असतं. आणि ते माणूस परत कुठून आणायचं होतं? सगळे तिला बोल लावून निघून गेले. आजी तेवढी थांबली, ओला पदर पिळत.

"पाणी येतंय हे आधी सांगितलं असतंस," ती म्हणाली, "तर मी काय हाताची घडी घालून बसले असते होय गं?"

हे वाक्य आवडीच्या डोक्यातून जाईना. आजवर तिने उतारूंना ओझंच मानलं होतं, मडक्यांसारखं. त्यांना हात असतात, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने नारळाच्या करवंट्या गोळा केल्या आणि चटई काढून काठावर फेकून दिली. माणसं आली तशी ती उभी राहून मोठ्याने म्हणाली, "ही होडी गळते. प्रत्येकाने करवंटी घेतली आणि आपल्या जागेवर बसून पाणी उपसलं, तर ही बुडत नाही. ज्याला पटेल त्याने चढावं."

कुणाला पटणार? सगळे केरूच्या होडीकडे वळले. केरूने लांबूनच हाक मारली, काय गं, माणसं पोचवतेस की नदीच पोचवतेस? काठ खदखदून हसला. आवडी रिकामी होडी घेऊन पलीकडे गेली आणि रिकामीच परत आली. दुसऱ्या दिवशीही तेच. घरी बाप म्हणाला, दुसरं काही काम बघू. सकाळी ती पुन्हा करवंट्या घेऊन काठावर हजर. मला तर बाई, तिची ही सकाळच सगळ्यात मोठी वाटते. पुढचा पराक्रम सगळे सांगतात, पण फजिती झालेल्या जागी पुन्हा जाऊन उभं राहायला जे लागतं, ते किती जणांकडे असतं?

पहिली चढली ती कोंबडीवाली आजी. मग आजीला बघून तिच्या बेटावरची माणसं आली. हळूहळू आवडीला माणसं कळायला लागली. घाबरट माणसाला नुसतं घाबरू नको म्हणून भागत नाही, त्याच्या हातात करवंटी द्यावी लागते. भांडखोराला टोकाला बसवून उपसलेल्या करवंट्या मोजायचं काम द्यावं, म्हणजे त्याला भांडायला सवड मिळत नाही. तिचा आवाजही बदलला. आधी ती ओरडायची. आता थोडक्यात, ठणकावून सांगायची, आणि सांगितलेलं व्हायचं. पावसाळा तोंडावर आला तोवर त्या होडीत पाणी उपसायचा एक ठेकाच बसला होता. पोरं तर मुद्दाम तिच्याच होडीत बसायला हट्ट करायची.

आषाढात नदी फुगली. एके दुपारी वरच्या अंगाने लाल पाण्याचा लोंढा आला आणि बघता बघता बेटाचे काठ खचायला लागले. बेटावरची माणसं देवळाच्या ओट्यावर गोळा झाली. लहान होड्या त्या पाण्यात टिकणार नव्हत्या. तांडेलाने केरूला आणि आवडीला जायला सांगितलं.

दोघेही पोचले. माणसं चढली, लेकरं चढली, गाभण शेळीसुद्धा चढली. आजी या वेळी केरूच्या होडीत बसली, कारण तिचा नातू तिथे होता. केरूने झपाट्याने वल्हवलं, त्याची होडी पुढे निघाली. आणि अर्ध्या वाटेत पुरातून वाहत आलेलं एक झाड तिच्या कुशीत धाडकन शिरलं.

नवी फळी फुटली. पाणी आत उसळलं. आणि इतका धडधाकट गडी केरू, तो वल्हं धरून नुसता बघत राहिला. त्याला कसला दोष देता? त्याच्या होडीत कधी थेंबभर पाणी आलंच नव्हतं. माणसं किंचाळत उठली आणि एका बाजूला झाली.

बाजाराचा दिवस आवडीला जसाच्या तसा आठवला. पण आवाज कापला नाही.

"खाली बसा! आहात तिथेच बसा!"

तो आवाज ऐकला आणि आजी मटकन खाली बसली. बसताना तिने शेजारच्या दोघांना पदराला धरून खाली ओढलं. त्यांचं बघून बाकीचे बसले. ही माणसं एरवी आवडीच्याच होडीत बसणारी होती, त्यांना पुढचं सांगायला फारसं लागलं नाही. आवडीने आपली होडी जवळ आणली, जादा करवंट्या फेकल्या. केरूला पागोटं फटीत कोंबून त्यावर पाय रोवायला सांगितलं, जड माणसांना दुसऱ्या अंगाला सरकवलं.

"केरू, तू फक्त वल्हव," ती म्हणाली. "माणसांकडे मी बघते."

केरूने मान हलवली आणि वल्हवलं, आणि वल्हवायला तर तो वाघच होता. एका होडीत उपसायचा ठेका धरला तो दुसऱ्या होडीने उचलला. फुटकी होडी आणि गळकी होडी, दोन्ही शेजारी शेजारी काठाला लागल्या. एकही माणूस गेलं नाही. शेळीही नाही.

काठाशी तांडेल छातीएवढ्या पाण्यात उभा होता. त्याला वर घेतलं तेव्हा आवडीने पहिल्यांदा त्याचे पाय नीट पाहिले. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या, कातडी सोलवटून निघाली होती. रोज पाण्यात उभं राहिल्याशिवाय माणसाचे पाय असे होत नाहीत. मग तिने त्याच्या होडीकडे पाहिलं. होडी खुंटीला बांधलेलीच नव्हती. पाडव्यापासून, आवडी पाण्यात असताना, ती कधीच बांधलेली नव्हती.

"बाबा, तुम्ही माझ्यासाठी उभे होतात?" तिने विचारलं.

"बाजाराच्या दिवशी मी अर्ध्या वाटेपर्यंत आलो होतो, पोरी," म्हातारा म्हणाला. "तू सावरलंस, मग मागे फिरलो. माझ्या वेळी मलाही हीच होडी मिळाली होती. ज्याच्यात मला तांडेल दिसला, त्यालाच मी ती देणार होतो. केरूच्या हातात ताकद आयती होती, त्याला तेव्हा ही होडी काय शिकवणार? तुझ्यात चिकाटी होती, पण तू सगळं एकटीने ओढायचीस. ती खोड मी सांगून गेली नसती."

आवडीला हुंदका आवरेना. इतके महिने मनात ज्याला शिव्या घातल्या, त्याच्या पायांना तिने स्वतःच्या हाताने तेल लावलं. म्हाताऱ्याने तिथेच, सगळ्या गावासमोर, आपल्या गळ्यातला तांडेलकीचा शंख तिच्या गळ्यात घातला. या खेपेला कुणी हसलं नाही. केरूने सगळ्यांत आधी वाकून रामराम केला, आणि तो मनापासून केला.

पुढच्या पाडव्याला वाटप आवडीने केलं. गावाला वाटलं, ती गळकी आता फोडून चुलीत घालणार. आवडी नाव पुकारायला उभी राहिली, तर केरू तिच्याआधीच काठाच्या टोकाला गेला होता. त्याने ती काळी होडी सुलटी केली, मुकाट्याने आत बसला आणि करवंट्या मागितल्या. आवडीने त्या स्वतः नेऊन दिल्या.

मग केरूची होडी सुटली. आवडीने आपल्या होडीची दोरी खुंटीवरून सोडवली, हातात धरली आणि गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहिली. त्याची शेवटची खेप येईपर्यंत ती तिथून हलली नाही.

तात्पर्य : अडचण लपवून एकट्याने झुंजणारा दमून जातो, ती उघड सांगून, सगळ्यांचे हात कामाला लावून जो पार होतो, तोच पुढे दुसऱ्यांना पार नेतो.