बारा हातांचा भाला

गडाच्या दरवाजामागील चिंचोळ्या बोळात लढणाऱ्या चाळीस शिपायांनी तलवारी टाकून बारा हात लांबीचे भाले घ्यावेत, असा हुकूम नव्या सरदारांनी सोडला. गनीम दोन दिवसांवर आला होता. आपली माणसे हकनाक मरणार, या विचाराने वृद्ध हवालदार सुभानजीने हुकमाला हरकत घेतली.

"लांब हत्याराचे भय वाटते काय, म्हाताऱ्या?" सरदारांनी हिणवले.

"सरकारांनीच एकवार भाला धरून दाखवावा."

सरदार बोळात शिरून दरवाजावर भाला रोखून ऐटीत उभे राहिले. सुभानजी त्यांच्या पाठीमागे गेला.

"तट चढून गनीम मागे आला, सरकार. वळा!"

सरदार वळू लागताच भाला दोन्ही भिंतींत अडकला. सुभानजीने म्यानबंद तलवार त्यांच्या पाठीला टेकवली.

"आपण भाल्याची लांबी पाहिलीत, सरकार. मी बोळाची रुंदी पाहिली."

सरदारांनी भाला खाली टाकला. मग ते म्हणाले, "तलवारी परत द्या."