वेळसांबची यवनतळी

वेळसांबच्या खाडीवर, नारळीच्या बागेमागे एक चौकोनी तळी आहे. काठ घडीव दगडांचे, पाणी गुडघाभर. तिच्यात कोणी भांडी घासत नाही, आणि तोंड धुवायचं तर नावच नको. पाहुणे आले की तळीची राखण करणारे दाजी गुरव त्यांना आधी वहाणा काढायला लावतात. "देऊळ नाही हे," ते म्हणतात, "कोणाच्या तरी घरातला चौक आहे. घरात आल्यासारखे या."

फार पूर्वी या बंदरात यवनांची गलबतं लागत. त्यांतला लुकिय नावाचा एक व्यापारी इथेच राहिला आणि त्याने आपल्या मुलखाच्या, म्हणजे रोमच्या रीतीचं घर बांधलं. मधोमध छप्पर उघडं, खाली पावसाचं पाणी साठवणारी ही तळी आणि भोवती खोल्या. गावाने त्याला वेड्यात काढलं म्हणे. कोकणच्या पावसात छपराला मुद्दाम भोक ठेवणारा माणूस कोणी पाहिला नव्हता! पण सिरिमा नावाच्या इथल्याच मुलीने त्याच्याशी लग्न केलं आणि ती त्या घरात नांदू लागली.

तळीसमोरच्या भिंतीत एक लाकडी कपाट होतं. त्यात लुकियच्या पूर्वजांचे मेणाचे मुखवटे होते, मेलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरून उतरवलेले, अगदी हुबेहूब. शेवटचा त्याच्या वडिलांचा. गाल बसलेले, ओठ मिटलेले. सिरिमा कपाटासमोरून जाताना पदर सावरायची. सासराच तो, मेणाचा असला म्हणून काय झालं?

आडवं पडून जेवायची त्या लोकांची रीत बघून तिला सुरुवातीला हसू आवरत नसे. एक गोष्ट मात्र तिला मुळीच सोसेना. जेवताना खाली सांडलेलं अन्न ते उचलत नसत, झाडतही नसत. "खाली पडलं ते त्यांचं," लुकिय कपाटाकडे बोट दाखवून सांगे. गलबत घेऊन मायदेशी निघाला, तेव्हाही हेच बजावून गेला. सिरिमाने मान डोलावली खरी, पण उष्ट्याला मुंग्या लागलेल्या तिला बघवेनात. जेवणं झाली की ती खरकटं काढी, केर काढी आणि त्या फरसबंदीवरही शेणगोळा फिरवी. घर कसं लख्ख दिसू लागलं. तिला बरं वाटलं.

मग सकाळी कपाटाचं दार उघडं दिसू लागलं. वारा असेल, असं म्हणून ती ते लावून घेई. तिची लेक पदुमा तेव्हा नुकती बोलू लागली होती. हसली की तिच्या डाव्या गालाला खोल खळी पडे आणि सगळं बंदर त्या खळीवर जीव टाकी. ती पोर वाळत चालली. जेवायची चांगली, पण अंगी लागेना. खळी तर दिसेनाशीच झाली.

"पोटभर जेवतेस ना गं?" सिरिमाने विचारलं.

"मी जेवते, मग आजोबा जेवतात."

"कुठे जेवतात?"

पदुमाने आपल्या पोटावर हात ठेवला.

सिरिमा धावत कपाटापाशी गेली. सासऱ्याचे बसके गाल भरले होते. मिटलेले ओठ किंचित फाकले होते, आणि डाव्या गालावर खळी होती.

आपण रोज कोणाचा घास झाडून टाकत होतो, ते तिला कळलं. मुखवटा चुलीत घालावा असं मनात आलं, पण पोरीचा अर्धा जीव त्या मेणात गेलेला, तो कसा वितळवणार? तिने आपलं पान वाढून घेतलं, कपाटासमोर बसली आणि सगळं अन्न जमिनीवर सोडलं.

"मामंजी, चुकले मी. तुम्हाला उपाशी ठेवलं. यापुढे या गावात बाई जेवायला बसेल, तेव्हा तिच्या पानातला घास तुमच्यासाठी खाली पडेल आणि तिथेच राहील. पण माझी लेक मला परत द्या."

सकाळी जमीन स्वच्छ होती. मुंगीसुद्धा नव्हती. पदुमाने उठल्या उठल्या पेज मागितली. ती वाचली, वाढली, लेकुरवाळी झाली. खळी मात्र कधी परत आली नाही. लुकिय परतला तेव्हा वडिलांच्या गालावर बोट ठेवून बराच वेळ उभा राहिला, असे सांगतात. पुढे घर पडलं आणि कपाट मुखवट्यांसकट तळीत गेलं.

आजही वेळसांबमध्ये एखाद्या तान्ह्या मुलीच्या गालाला खळी पडली, तर कोणी कौतुक करत नाही. आई मुकाट्याने पानातल्या रोजच्या घासाबरोबर आणखी एक घास जमिनीवर सोडते, आणि त्या दिवशी घरात केरसुणीला कोणी हात लावत नाही.