तळ्यावरची एकटी टिटवी

मुलांनो, एका माळरानावर एक तळे होते. तळे मोठे, पण बुडालेल्या बाभळींची खोडे आणि लव्हाळे यांनी ते इतके भरले होते की, उतरायला पाण्याची एकच मोकळी पट्टी उरली होती. हिवाळ्यात तिथे दूरदूरचे पक्षी मुक्कामाला येत. संध्याकाळी चरून परतताना सगळ्यांना एकदमच घाई होई. तेव्हा कोणी आधी उतरायचे आणि कोणी टेकडीवर घिरट्या घालत थांबायचे, हे बांधावर उभी राहून एक टिटवी सांगत असे. "बदका, ये. पाणकावळ्या, तू अजून एक फेरी मार." पहाटे सगळे उडताना पुन्हा तेच. पूर्वी पक्षी थोडे होते. आता आभाळ भरून जाई, टिटवी मात्र एकच होती.

"कुणीतरी माझ्या जोडीला उभे राहा रे," ती एकदा म्हणाली. "डोळे चुरचुरतात. दुपारीही धड झोप लागत नाही."

"टिटवीताई, तुझ्यासारखी नजर आहे का कुणाची?" करकोचा म्हणाला. "आम्ही उभे राहिलो तर नुसता गोंधळ व्हायचा!"

"ताई आहे म्हणून आपण आहोत," बदकानेही मान डोलावली. सगळ्यांनी पंख फडफडवून तिचे कौतुक केले आणि ते चरायला निघून गेले. टिटवीला बरे वाटले, पण डोळ्यांची चुरचुर काही थांबली नाही.

एके संध्याकाळी हवा धुरकट होती. पूर्वेकडून येणाऱ्या करकोच्याला टिटवी "ये" म्हणाली आणि तिची मान क्षणभर खाली गेली. दचकून डोळे उघडते तो पश्चिमेकडून बदक येताना दिसले. करकोचा केव्हाच उतरला असे वाटून ती त्यालाही "ये" म्हणाली. दोघे पाण्यावर अगदी समोरासमोर आले. बदक कसेबसे निसटले. करकोचा मात्र खोडावर आदळला आणि त्याचा पंख मोडला.

"हाकला हिला!" पाणकावळा ओरडला. "दुसरी टिटवी आणा!"

 

"दुसरी आणाल," चिखलात पडलेला करकोचा कण्हत म्हणाला, "आणि तिलाही असेच एकटीला उभे कराल. मग तिचीही मान अशीच खाली जाईल. ताईने जोडीदार मागितला, तेव्हा गोड बोलून अंग काढून घेणारा मीच होतो."

त्या हिवाळ्यात करकोच्याला उडता येणार नव्हते. पाणकावळा, थोडा कुरकुरत का होईना, त्याला मासे आणून देऊ लागला. एके दिवशी मोडका पंख ओढत करकोचा बांधावर चढला. "पहाट तुझी, संध्याकाळ माझी," तो टिटवीला म्हणाला. टिटवी बाजूच्या गवतात जाऊन बसली.

थव्यांमागून थवे येऊ लागले. थोड्याच वेळात करकोच्याच्या डोळ्यांना पाणी आले. "ताई, सगळे ठिपके सारखेच दिसायला लागतात गं! तू इतके दिवस हे कसे केलेस?"

गवतातून उत्तर आले नाही. टिटवी गाढ झोपली होती.

करकोच्याने डोळे पुसले, वर पाहिले आणि तो आवाज खाली आणून म्हणाला, "पाणकावळ्या, ये. पण गलका करू नकोस."

तात्पर्य : ज्याच्या जागे राहण्यावर सगळ्यांचा जीव अवलंबून असतो, त्याला नुसती शाबासकी देऊन भागत नाही, त्याच्या झोपेची काळजीही सगळ्यांनीच घ्यायची असते.