एका दोराच्या दोघी

डोंगरावर जायला गाडीरस्ता नव्हता, त्या काळी एकाच दोराच्या दोन टोकांना दोन ट्राम बांधलेल्या होत्या. एक उतरली की तिच्या भाराने दुसरी चढायची. अर्ध्या वाटेत गाठ पडली की थोरली करवादायची, "तुला ओढून माझी हाडं खिळखिळी झाली. हा दोर सुटेल तर बरं."

धाकटी म्हणायची, "ताई, मीही तुला ओढतेच की."

पुढे विजेच्या गाड्या आल्या आणि दोर सुटला. थोरलीला रंगवून वरच्या स्टेशनात शोभेला ठेवलं, धाकटीला खालच्या. आता थोरलीवर कसलाच भार नव्हता.

वर आलेल्या नव्या गाडीला तिने एकदा विचारलं, "खाली आमची धाकटी कशी आहे?"

"आहे उभी. आधी रोज तुझी चौकशी करायची," गाडी म्हणाली. "हल्ली करत नाही."