चिंध्यांचं पागोटं

एकदा काय झालं, खाडीकाठी एक चिमुकलं राज्य होतं. भरतीला खाडीचं पाणी वर, भातखाचरं खाली, आणि मधे मातीचा बांध. म्हणून लोकांनी एक राजा केला. त्याचं काम एकच, बांध राखायचा. प्रत्येक घरानं आपल्या कापडाची एकेक पट्टी दिली. त्या जोडून त्याचं पागोटं शिवलं. पट्टी दिली म्हणजे राज्य दिलं, बरं का!

मग एकदा बांधाला भगदाड पडलं. राजा फिरकलाच नाही. पाणी घुसलं आणि गावातल्या सुभानचा थोरला भाऊ भिवजी वाहून गेला. सुभान रडलासुद्धा नाही. नुसत्या येरझाऱ्या घालायचा. भगदाड तसंच होतं, आणि पुनवेचं उधाण तीन दिवसांवर आलेलं.

पहिल्या दिवशी सुभान धावत राजाकडे गेला. राजा फणस खात होता. म्हणाला, "उद्या ये."

दुसऱ्या दिवशी गेला. राजा पागोट्याला अत्तर लावत होता. "उद्या!"

मग तिसऱ्या दिवशी सुभान ओरडलाच, "महाराज, आज उधाण आहे!"

राजा खवळला. "मला देवानं बसवलंय इथं. तू कोण विचारणारा?"

"देवानं? मग ही निळी पट्टी माझ्या आईच्या लुगड्याची कशी?"

आणि ओढलीच की त्यानं! टर्रकन!

आरडाओरडा ऐकून गाव जमलं. ठमाकाकू म्हणाली, "अरे मेल्या, राजा म्हणजे काय केळीचं पान, रोज नवं घ्यायला?"

"रोज नाही, काकू. बारक्या चुका सोसल्याच की आपण. पण आज तुमची नातवंडं वाहून जातील."

 काकू पुढं झाली आणि तिनं आपली हिरवी पट्टी उसवली. मग कोळ्यांनी, मग कुंभारांनी. हां हां म्हणता राजाचं टक्कल उघडं! कुणी त्याला मारलं नाही, बरं का. हातात मातीची टोपली दिली. सगळे बांधाकडे धावले, भगदाड बुजवलं. उधाण आलं, धडका देऊन परत गेलं.

मग नवं पागोटं ठमाकाकूच्या डोक्यावर चढलं. या वेळी टाके सैल घातले. काकू स्वतःच म्हणाली, "चुकले तर ओढा रे."

सगळे सुखानं नांदू लागले. सुभान मात्र अजून रात्री मधेच उठतो, बांधावर जातो, भिवजीला हाक मारतो. मग पाण्याला दटावतो, "तिकडेच राहा!"

तो जागा आहे. तुम्ही झोपा, बाळांनो.